अस्पर्शित विषयाचा मोह

विद्यापीठाच्या संशोधन व मान्यता समितीपुढे मराठीचा विद्यार्थी आपला आराखडा घेऊन बसतो, तेव्हा एक प्रश्न त्याला हमखास विचारला जातो : 'या विषयावर यापूर्वी कोणी काम केले आहे काय?' विद्यार्थी 'नाही' म्हणाला की समितीला हायसे वाटते. 'केले आहे' म्हणाला, तर शीर्षकात एखादा कालखंड किंवा 'विशेष संदर्भ' घालून पुन्हा येण्याची सूचना मिळते. मग अमुक लेखकाची कादंबरी झाली असेल तर कथा, कथा झाली असेल तर ललित लेखन, आणि तेही झाले असेल तर शेजारच्या तालुक्यातला लेखक, असा शोध सुरू होतो. हा प्रश्न आम्हांला विचारला गेलेला आहे, आणि पुढे आमच्याकडे विषय मागायला आलेल्या विद्यार्थ्यांना आम्हीही तो विचारलेला आहे. तेव्हा पुढील लेखन ही परनिंदा नव्हे, हे आरंभीच नोंदवलेले बरे.

आमचे म्हणणे असे, की विषयाचे अस्पर्शितपण हा संशोधनाचा निकष होऊच शकत नाही. ही गोष्ट आम्हांला आमच्या विद्याशाखेत राहून कळली नाही, हे कबूल करायला हवे. काही वर्षांपूर्वी पदार्थविज्ञान विभागातील एका सहकाऱ्यांची विद्यार्थिनी खगोलशास्त्रात पीएच.डी. करण्याच्या तयारीत होती. ती स्टाफरूममध्ये आली असता आम्ही आमच्या सवयीने विचारले, 'कोणत्या ताऱ्यावर करणार?' तिला हसू आवरेना. 'सर, ताऱ्यावर नसते करायचे,' ती म्हणाली, 'आधी प्रश्न काय ते ठरवावे लागते. कोणता तारा ते मग बघायचे.' त्या वेळी आम्हीही हसलो. नंतर मात्र खगोलशास्त्रात प्रबंधाचा विषय कसा ठरतो याविषयी जे हाती लागले ते वाचत गेलो, आणि हसू ओसरत गेले.

आकाशाच्या बाबतीत समितीचा तो प्रश्न विचारून पाहावा. युरोपीय अवकाश संस्थेची 'गाया' ही दुर्बीण २०१३ साली अवकाशात गेली आणि २०२५च्या जानेवारीपर्यंत तिने निरीक्षणे केली. तिच्या आधारे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सूचीत सुमारे १८० कोटी ज्योतींची स्थाने आणि तेजस्विता नोंदलेली आहे. यांतील जवळजवळ सर्वच ज्योती आमच्या परिभाषेत 'अस्पर्शित' आहेत. म्हणजे 'तारा क्रमांक अमुक : एक चिकित्सक अभ्यास' अशी कोट्यवधी शीर्षके आज तयार आहेत. प्रकरण पहिले, ताऱ्याचा परिचय, दुसरे, ताऱ्याची जडणघडण, तिसरे, ताऱ्याची वैशिष्ट्ये, चौथे, समकालीन ताऱ्यांशी तुलना, पाचवे, समारोप. हा आराखडा कोणत्याही वेधशाळेत विनोद म्हणून वाचला जाईल. त्यात ताऱ्याच्या जागी लेखकाचे नाव घातले की मात्र तो आमच्याकडे मंजूर होतो.

याचा अर्थ एकाच ताऱ्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही, असा नाही. महाश्व तारकासमूहातील ५१ पेगासी हा तारा सूर्यासारखा, शांत आणि तोपर्यंत विशेष कोणाचे लक्ष न गेलेला. १९९० नंतरच्या वर्षांत दिदिए केलो हा जिनिव्हाचा विद्यार्थी मिशेल मायोर यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होता. त्याच्या कामाचा गाभा म्हणजे दक्षिण फ्रान्समधील वेधशाळेत बसवलेला एक नवा वर्णपटमापक आणि त्यातून ताऱ्यांचा वेग काढणारी संगणकीय आज्ञावली. त्यांच्या पाहणीत १४२ तारे होते आणि प्रश्न एक : सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती कमी वस्तुमानाचे सोबती फिरतात काय? उत्तर 'नाही' असेही येऊ शकत होते. ५१ पेगासीचा वेग सुमारे सव्वाचार दिवसांच्या ठेक्याने कमीजास्त होताना दिसला, तेव्हा केलोला प्रथम वाटले ते हे, की आपल्या आज्ञावलीत चूक आहे. आपल्या गुरूला सूर्याभोवती एक फेरी घालायला सुमारे बारा वर्षे लागतात. गुरूच्या जातीचा ग्रह चार दिवसांत फेरी पुरी करतो हे कोणाला पटणार? मायोर तेव्हा हवाईला होते. विद्यार्थी स्वतःची चूक शोधत राहिला आणि ती सापडेना, तेव्हा ग्रह मानणे भाग पडले. १९९५च्या ऑक्टोबरमध्ये हा शोध जाहीर झाला आणि २०१९ साली दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पारितोषिकापेक्षा आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो स्वतःवरचा संशय. आपल्या प्रबंधाचा निष्कर्ष चुकीचा तर नसेल, या भीतीने झोप उडालेला मराठीचा संशोधक आम्ही पाहिलेला नाही. आमचे निष्कर्ष चुकूच शकत नाहीत, कारण 'लेखकाने ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण केले आहे' हे वाक्य चुकायचे तरी कसे?

अस्पर्शितपणाच्या निकषाला सर्वांत कडक उत्तर सिसिलिया पेन यांच्या प्रबंधाने दिलेले आहे. पेन १९२३ साली इंग्लंडमधून अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत आल्या. त्या वेळी केंब्रिजमध्ये स्त्रियांना शिकता येई, पदवी मिळत नसे. हार्वर्डमध्ये ताऱ्यांच्या वर्णपटांच्या काचपट्ट्यांचा मोठा साठा होता, आणि त्याइतकी हाताळलेली सामग्री खगोलशास्त्रात दुसरी क्वचितच असेल. अ‍ॅनी जंप कॅनन यांनी याच काचपट्ट्यांवरून सव्वादोन लाख ताऱ्यांचे वर्गीकरण केले होते आणि त्याचे खंड १९१८ ते १९२४ या काळात छापून येत होते. आमच्या समितीने पेनबाईंना तिथेच थांबवले असते : 'बाई, यावर काम झालेले आहे.'

पेन यांच्याकडे प्रश्न होता. वेगवेगळ्या ताऱ्यांचे वर्णपट वेगळे दिसतात, ते त्यांच्यात वेगवेगळी द्रव्ये असतात म्हणून, की त्यांचे तापमान वेगळे असते म्हणून? हा प्रश्न सोडवण्याचे साधन नुकतेच भारतातून आले होते. मेघनाद साहा यांनी १९२० साली मांडलेल्या आयनीभवनाच्या समीकरणाने तापमान आणि वर्णरेषा यांचे नाते गणितात बांधले. जुन्या काचपट्ट्या, नवे समीकरण आणि एक प्रश्न, इतक्या भांडवलावर पेन यांनी १९२५ साली प्रबंध पूर्ण केला. ताऱ्यांत हायड्रोजन आणि हेलियम इतर सर्व मूलद्रव्यांहून प्रचंड प्रमाणात आहेत, असे त्यांचे गणित सांगत होते. सूर्याची घडण साधारणतः पृथ्वीसारखीच असावी, असे तेव्हाचे जाणकार मानत. प्रिन्स्टनचे हेन्री नॉरिस रसेल यांनी हा निष्कर्ष अशक्य ठरवला, आणि हायड्रोजनचे हे प्रमाण बहुधा खरे नसावे, असे पेन यांना आपल्याच प्रबंधात लिहावे लागले. चार वर्षांनी, १९२९ साली, रसेल स्वतः दुसऱ्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोचले.

या कथेत ज्येष्ठांचा दबाव आहे, तो आम्ही झाकू इच्छित नाही. खगोलशास्त्राची विद्यापीठे ही काही संतांची मांदियाळी नव्हे. पण दबाव येऊनही पेन यांचे आकडे प्रबंधात राहिले. ते कोणालाही पुन्हा मोजून पाहता येत होते, म्हणून चार वर्षांत त्यांच्या बाजूने निकाल लागला. ज्या प्रबंधात तपासून पाहण्यासारखे काहीच नसते, त्याला काळही न्याय देऊ शकत नाही.

विषयाच्या शीर्षकाची आम्ही जी पूजा करतो, तिच्याविषयीही थोडे बोलले पाहिजे. जोसेलिन बेल या केंब्रिजमध्ये अँटनी ह्यूइश यांच्या विद्यार्थिनी. त्यांचा मंजूर विषय क्वेसारांचा होता : सूर्याकडून वाहणाऱ्या वायूमुळे रेडिओ स्रोत लुकलुकतात, त्या लुकलुकण्यावरून त्यांचा कोनीय आकार काढायचा. त्यासाठी साडेचार एकरांत खांब रोवून आणि तारा ताणून उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या बांधणीत त्या दोन वर्षे राबल्या. १९६७च्या जुलैपासून रोज सुमारे तीस मीटर लांबीचा आलेखाचा कागद बाहेर पडू लागला आणि तो त्या नजरेखालून घालू लागल्या. त्या कागदावर मधूनच अर्धा-पाऊण सेंटिमीटरची एक खरखर दिसे. ती क्वेसाराची नव्हती आणि माणसाच्या उपद्व्यापाचीही वाटत नव्हती. नोव्हेंबरात कागद वेगाने पळवून पाहिल्यावर तिच्यात सव्वा सेकंदाहून किंचित अधिक अंतराचे नियमित ठोके उमटले. अशा रीतीने पहिला स्पंदक तारा सापडला.

बेल यांचा प्रबंध मात्र मूळ विषयावरच राहिला आणि स्पंदक परिशिष्टात गेले. १९७४चे नोबेल ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळाले. त्या अन्यायावर पुष्कळ लिहून झाले आहे. २०१८ साली बेल यांना तीस लाख डॉलरांचे पारितोषिक मिळाले, तेव्हा ती सर्व रक्कम त्यांनी पदार्थविज्ञानात संशोधन करू इच्छिणाऱ्या, पण ज्यांना सहसा संधी मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकली. आमच्या मुद्द्यापुरते इतकेच, की तिथेही शीर्षक बदलले नाही. पण शीर्षकाबाहेरचे दिसले तर ते पाहण्याची मुभा होती, आणि ते ओळखण्याइतकी ओळख त्या विद्यार्थिनीची आपल्या कागदाशी झालेली होती. निवडलेला विषय चांगला असेल तर तो संशोधकाला अशा ठिकाणी नेऊन बसवतो, जिथून अनपेक्षित गोष्ट दिसू शकते. आमचे शीर्षक संशोधकाला आधीच ठाऊक असलेल्या उत्तरापाशी नेऊन बसवते.

आता मार्गदर्शकांविषयी. जयंत नारळीकर हे मराठी वाचकाला परके नाहीत. त्यांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा मराठी विभागांनीही श्रद्धांजलीच्या सभा घेतल्या. पण ते संशोधक कसे झाले, याचा विचार त्या सभांत झाल्याचे आम्हांला आढळले नाही. १९६० साली ते केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी झाले आणि १९६३ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. हॉइल हे स्थिर स्थिती विश्वाच्या सिद्धान्ताचे प्रणेते. त्या सिद्धान्तावर चोहोबाजूंनी हल्ले चालू होते. असा मार्गदर्शक आपल्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी आपल्याच खंदकात उतरवील, अशी आपली अपेक्षा. हॉइल यांची भूमिका उलट होती : नवख्या विद्यार्थ्याने वादग्रस्त विषयापासून दूर राहावे. पुढे राइल यांच्या निरीक्षणांवरून वाद पेटला आणि नारळीकर त्यात ओढले गेले, हा भाग निराळा.

आमच्याकडे याचे नेमके उलटे चित्र आम्ही पाहत आलो आहोत. मार्गदर्शक ज्या वाङ्मयीन गटात, त्या गटाचा लेखक विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो. लेखक हयात असेल तर तो मुलाखत देतो, छायाचित्र देतो, कधी कधी प्रबंधाच्या प्रकाशनालाही हजर राहतो. त्याच्या लेखनातील एकही कादंबरी फसलेली आहे असे म्हणण्याची सोय त्या विद्यार्थ्याला उरत नाही. पुण्यात आयुका आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र या दोन संस्थांच्या संशोधक-विद्यार्थ्यांना प्रारंभी एकत्र अभ्यासक्रम पुरा करावा लागतो आणि प्रबंधाचा विषय त्यानंतर पक्का होतो. पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रम आपल्याकडेही आहे. पण आमच्या पाहण्यातल्या बहुतेक विद्यार्थ्यांचे शीर्षक तो सुरू होण्यापूर्वीच टंकलिखित झालेले असते.

आमच्या विरुद्ध जाणारे सर्वांत बळकट उदाहरण आम्हीच देतो. व्हेरा रुबिन यांनी देवयानी दीर्घिकेच्या भ्रमणाचा अभ्यास हाती घेतला, तो मुख्यतः जिथे गर्दी नाही आणि कोणी त्रास देणार नाही असा प्रश्न हवा म्हणून. म्हणजे अस्पर्शितपणाच्याच शोधात त्या होत्या, असे कोणी म्हणेल. पण त्यांच्या हातात एक स्पष्ट अपेक्षा होती : सूर्यापासून दूरचे ग्रह जसे सावकाश फिरतात, तसे दीर्घिकेच्या केंद्रापासून दूरचे तारे सावकाश फिरायला हवेत. १९७० साली केंट फोर्ड यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेल्या मोजणीत तसे दिसले नाही. दूरवर जाऊनही वेग अपेक्षेप्रमाणे उतरत नव्हता, आणि कृष्णद्रव्याची चर्चा पुढे ज्या मोजण्यांमुळे टाळता येईना, त्यांत ही एक ठरली. त्यांचा १९५४चा डॉक्टरेटचा प्रबंधही जॉर्ज गॅमो यांनी विचारलेल्या एका प्रश्नातून निघाला होता : दीर्घिकांच्या विखुरण्याला काही ठरावीक माप आहे काय? त्या प्रबंधाकडे पुढे कित्येक वर्षे कोणी फारसे पाहिले नाही. एकांत त्यांना हवा होता, हे खरे. पण त्या एकांतात प्रश्नावाचून बसल्या नव्हत्या.

यावर आमचे व्यवसायबंधू म्हणतील, की साहित्य म्हणजे विज्ञान नव्हे. कवितेला दुर्बीण लावता येत नाही. मान्य आहे. आम्ही मोजमाप मागत नाही. आस्वाद, अर्थनिर्णय, मूल्यमापन ही आमच्या विद्येची कामे आहेत आणि राहोत. पण 'आमचे क्षेत्र वेगळे' हे वाक्य आळसाला संरक्षण म्हणून वापरले जाते, त्याला आमचा विरोध आहे. साहित्याविषयीचे विधानही चुकू शकते, चुकले पाहिजे, आणि ते चुकले हे दाखवता आले पाहिजे. १९४५च्या सुमारास गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या नवकथेने आधीच्या कथेशी नाते तोडले, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. त्या आधीच्या दहा वर्षांत मासिकांतून छापल्या गेलेल्या कथा ओळीने वाचल्या, तर तो तुटलेपणा खरोखर दिसतो काय? दिसला तर तो नेमका कशात : निवेदनात, काळाच्या हाताळणीत की संवादात? ही सामग्री हार्वर्डच्या काचपट्ट्यांइतकीच हाताळलेली, आणि ग्रंथालयांच्या तळघरांतून कसरीच्या तोंडी पडलेली. उत्तर 'होय, पाठ्यपुस्तक बरोबर आहे' असे आले तरी तो प्रबंध वाया जाणार नाही, कारण 'नाही' म्हणण्याची शक्यता त्याने खरेपणाने तपासलेली असेल.

शेवटी, हे सारे ज्याच्यामुळे आम्हांला बोचते, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने आम्हांला विचारले होते : 'सर, ग्रामीण कादंबरीत रोजाने जाणाऱ्या बाईला मजुरी किती मिळते, ते कधी लिहिलेले असते का? आणि लिहिले असेल तर ते कोण बोलते, ती बाई, मालक की लेखक?' तिची आई रोजाने जाणारी होती. 'बनगरवाडी', 'धग', 'गोतावळा', 'पाचोळा' ही पुस्तके तिने वाचलेली होती. ती हजारदा चर्चिली गेलेली आहेत हेही तिला माहीत होते. आम्ही तिला सांगितले, की हा विषय होत नाही, एखादा लेखक घे, ज्याच्यावर अजून कोणी केलेले नाही असा. तिने आज्ञाधारकपणे लेखक घेतला. पाच वर्षांनी प्रबंध झाला, पदवी मिळाली, आता ती एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. तिचा प्रबंध आम्ही अलीकडे पुन्हा चाळला. त्यात लेखकाचे बालपण आहे, शिक्षण आहे, मिळालेल्या पुरस्कारांची यादी आहे. मजुरीचा प्रश्न कुठेच नाही. तो आम्ही पाच मिनिटांत मोडून काढला होता.

त्या प्रश्नात एका चांगल्या प्रबंधाला लागणारे सर्व काही होते. सामग्री हाताशी होती, उत्तर आधी कोणाला ठाऊक नव्हते, ते 'नाही' असे येऊ शकत होते, आणि तसे आले असते तर ग्रामीण साहित्याच्या वास्तववादाविषयी आम्ही वर्गात जे शिकवतो त्यातले बरेचसे पुन्हा तपासावे लागले असते. कदाचित म्हणूनच तो आम्हांला विषय वाटला नाही.

आमची सूचना साधी आहे. वाचकांनी आपापल्या विभागात गेल्या काही वर्षांत मंजूर झालेली पाच शीर्षके घ्यावीत आणि प्रत्येकापुढे लिहून पाहावे, की या प्रबंधाचा निष्कर्ष काय आला असता तर संशोधकाला धक्का बसला असता. ज्यापुढे काहीच लिहिता येणार नाही, ते शीर्षक अस्पर्शित असले काय आणि नसले काय, सारखेच. समितीत बसणाऱ्यांनी पुढच्या वेळी 'कोणी काम केले आहे काय' याऐवजी 'तुम्हांला काय माहीत नाही?' असे विचारावे. विद्यार्थी गोंधळेल, गप्प बसेल. त्याला गप्प बसायला वेळ द्यावा. आम्ही त्या मुलीला तेवढा वेळ दिला नव्हता.